सहाची गाडी

घोरपडे सरांनी प्रोजेक्टरच्या भिंगासमोर पुठ्ठा धरला आणि पडद्यावर अंधार झाला.

"दोन मिनिटं कळ काढा," सर म्हणाले. "नावं जातायत."

मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. पुठ्ठ्याच्या पलीकडे माझं नाव निघून चाललं होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं म्हणून मला बरंही वाटत होतं आणि धड बसवतही नव्हतं.

सांगलीतल्या आमच्या रविवार चित्रमंडळाची ही जुनी पद्धत. फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या अध्यक्षांच्या भाच्यानं काढलेला चित्रपट मंडळात दाखवला होता. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि जिना उतरताना एकमेकांजवळ यथेच्छ नावं ठेवली. ते भाच्यानं मागून ऐकलं. त्यानंतर घोरपडे सरांनी नियमच केला. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे पुठ्ठा त्यांच्या हाताशी असायचाच. सुरुवातीची नावं झाकायची, शेवटची नावं यायच्या आत चित्रपट थांबवायचा. मग चर्चा, मग हात वर करून कौल, आणि सगळ्यात शेवटी नावं. करणाऱ्यांपैकी कुणी हजर असलंच, तर नाव दिसेपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. लॅपटॉप आल्यावर पुठ्ठ्याची काही गरज उरली नव्हती, पण सरांना तो धरायला आवडायचा.

दुसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या खुर्चीत आप्पा बसले होते. माझे वडील, बाळगोंडा मगदूम. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत काढली, त्यातली बरीचशी सांगलीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. रिटायर झाल्यावर ते मंडळाचे सभासद झाले आणि मंडळाला धास्ती बसली. कारण आप्पांना चित्रपटात चुका दिसायच्या. जगभर नावाजलेल्या एका चित्रपटावर सगळे भारावून बोलत असताना ते उठून म्हणाले होते, "सगळं छान आहे, पण तो माणूस गाडीत चढला डावीकडून आणि उतरला तेव्हा फलाटच गायब." त्या दिवशी चर्चा तिथंच संपली.

चित्रपट मी लिहिलाय हे सर सोडून तिथं कुणाला माहीत नव्हतं. आमच्या दिग्दर्शकानं तो मंडळाकडे पाठवला होता. पोरगी पुण्यात मालिकांचे संवाद लिहिते, एवढंच आप्पांना ठाऊक. मी मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला म्हणून आदल्या दिवशी घरी आले होते आणि "उद्या मीही येते तुमच्या मंडळात" असं उगाच म्हटल्यासारखं म्हणाले होते. दुपारी साडेतीनच्या गाडीनं परत जायचं होतं.

मला काय हवं होतं ते लपवत नाही. आप्पांना लाज वाटावी, हे मला हवं होतं. सत्तर माणसांत बसून त्यांनी स्वतःला बघावं, आणि त्यांना कुणाजवळ काही बोलता येऊ नये. सव्वीस वर्षं मी याची वाट बघत होते.

कारण पडद्यावर जे चाललं होतं ते आमच्याच घरातलं होतं. नावं मी बदलली होती. वडिलांना पोस्टात कारकून केलं होतं, घराला परसात चिक्कूचं झाड दिलं होतं. बाकी तेच. बाईनं अंगणवाडीच्या नोकरीसाठी अर्ज केलेला. नेमणुकीचं रजिस्टर पत्र येतं तेव्हा ती घरी नसते. नवरा ते हातातही घेत नाही. पोस्टमनला सांगून त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवतो. चार दिवसांनी बाईला ते पोस्टमनकडूनच कळतं. ती भांडत नाही. रविवारी सकाळी पिशवी भरते आणि जतच्या बाजूला भावाकडे निघून जाते. नऊ वर्षांची मुलगी मागे राहते. ती चुलीच्या मागच्या भिंतीवर रोज कोळशानं एक रेघ मारते. एकोणीस रेघा होतात. एकोणिसाव्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या गाडीनं बाई आपली आपण परत येते. नवरा ओसरीवर पेपर वाचत असतो. तो मान वर करतो, म्हणतो, "जेवायला काय आहे?" आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो. इथं चित्रपट संपतो.

खरं तर आई परत आली ती मी पाहिलीच नव्हती. शाळा सुटून घरी आले तर ती कणीक मळत होती, जशी काही सकाळपासून तिथंच बसली होती. आप्पा रात्री ड्युटीवरून आले, हात धुतले आणि पाटावर बसून तिला तेच विचारलं. जेवायला काय आहे. मी कोपऱ्यातून बघत होते. ते तिला आणायला गेले नाहीत, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच. उलट त्या एकोणीस दिवसांत त्यांच्या सुट्टीचे तीन गुरुवार आले, तर तिन्ही गुरुवारी मला शेजारच्या चंपाकाकूंकडे सोडून ते खाकी कपडे चढवून पहाटेच बाहेर पडले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा माझ्याजवळ बसवलं नाही त्यांच्यानं. आई पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करून नोकरीला लागली, अठरा वर्षं तिनं अंगणवाडी चालवली. पण त्या एकोणीस दिवसांबद्दल घरात कुणीही कधी बोललं नाही. मी तिला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आप्पांना विचार." ते मी विचारणं शक्यच नव्हतं. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सरांनी चित्रपट थांबवला, दिवे लावले. मी आप्पांच्या मानेकडे बघत होते. एरवी दिवे लागायच्या आत त्यांचा हात वर असायचा. त्या दिवशी ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"चला, कोण बोलणार?" सर म्हणाले. "लेखनापासून सुरुवात करू. लिहिलंय कसं?"

आवटीबाई उठल्या. कॉलेजात मराठी शिकवायच्या, बोलायला लागल्या की हातातला चष्मा हलवायच्या. "उत्तम लिहिलंय. मला तर तो शेवट फार आवडला. नवरा एका शब्दानं माफी मागत नाही. 'जेवायला काय आहे' या एका वाक्यात अख्खा संसार आला. लिहिणाऱ्यानं कुठं रडारड केली नाही."

मला गुदगुल्या झाल्या हे कबूल करते. पण आप्पांची मान हलली नाही.

"मला नाही पटलं," शहापुरे म्हणाले. त्यांचा हळदीचा व्यापार होता आणि मंडळात ते दर वेळी आवटीबाईंच्या विरुद्ध बाजूला असायचे. "अहो, एकोणीस दिवस बायको गेलीय आणि हा बाबा जेवतोय, झोपतोय, पेपर वाचतोय. माणूस आहे का दगड आहे? शेजारीपाजारी काही बोलत नाहीत, सासरा येत नाही, काही नाही. लिहिणाऱ्याला त्या नवऱ्याचा राग आहे, एवढंच मला कळलं."

"असतात हो असे नवरे."

"असतील. पण असतात म्हणून लिहिलं की झालं का? तो का गेला नाही हे मला कळायला नको?"

"अहो, अहंकार. पुरुषी अहंकार. ते काय पाटी लिहून सांगायचं?"

"तुम्हाला काय, कुठलाही पुरुष आला की अहंकार दिसतो."

लोक हसले. आणखी दोघं-तिघं बोलले. कुणाला रेघा आवडल्या, कुणाला चिक्कूचं झाड उगाच वाटलं. माझी कानशिलं तापली होती. मला उठून शहापुऱ्यांना सांगायचं होतं की दगडच होता, मी त्या घरात वाढलेय. नियम होता म्हणून जीभ दाताखाली धरून बसले. छताला सहा पंखे होते, त्यातले चार चालू होते. ते मी किती वेळा मोजले कोण जाणे.

मग आप्पांनी हात वर केला.

"आलं," शहापुरे पुटपुटले.

आप्पा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "सर, एक बारीक मुद्दा आहे. बाई सहाच्या गाडीनं आली असं दाखवलंय. जतकडून सहाला सांगलीत येणारी गाडीच नव्हती त्या काळी. एक साडेतीनला यायची आणि नंतर एकदम सव्वाआठ."

सगळे खळखळून हसले. मला मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी एवढं सगळं बदललं आणि जत तेवढं तसंच ठेवलं होतं.

"मगदूम," आवटीबाई हसू आवरत म्हणाल्या, "गाडीच्या वेळापत्रकावरून लेखन ठरतं का?"

"ठरतं की बाई. कसं ते सांगतो." आप्पा हसले नाहीत. "सहा वाजता नवरा घरी असतो. ओसरीवर असतो, हातात पेपर असतो. म्हणजे बाई आली की तो लगेच समोर सापडतो. लिहिणाऱ्याला तो तिथं बसलेला सोयीचा होता, म्हणून सहाची गाडी आणली. खरी गाडी धरली असती, तर लिहिणाऱ्याला विचार करावा लागला असता की साडेतीनला हा माणूस कुठं होता."

"बरं, कुठं होता?" शहापुऱ्यांनी विचारलं. त्यांना गंमत वाटत होती.

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगाराची गाडी ढकलत नेत होतं, तिचा आवाज दूर जाईपर्यंत ते थांबले.

"त्याच गाडीत," ते म्हणाले.

माझ्या हातातली ओढणी सुटली.

"मी असं धरतो बघा," आप्पा सावकाश बोलू लागले, स्टँडवर माइकवरून बोलायचे तसे, एकेक शब्द सुटा करून. "त्याला आठवड्याला एक सुट्टी असणार. मुलीला शेजारी ठेवायचं, ड्युटी आहे म्हणून सांगायचं. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघायचं, बायकोच्या गावच्या फाट्यावर उतरायचं. गाव तिथून आत दीड मैल. फाट्यावर चहाचं एक खोपट. तिथं बसायचं. दोन चहा प्यायचे. आत जायचं धाडस होत नाही. मग परतीची गाडी आली की चढायचं आणि परत यायचं. दुसऱ्या आठवड्याला पुन्हा तेच."

"पण आत का जात नाही?" आवटीबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा आता हलत नव्हता.

"काय तोंड घेऊन जाणार? पत्र त्यानंच परत पाठवलेलं. मेव्हण्यानं दारात विचारलं, काय झालं, तर सांगायला काय आहे त्याच्याजवळ? आपली बायको कमावणार, लोक काय म्हणतील, एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी केलं हे फाट्यावर बसल्यावर त्याचं त्यालाच कळलेलं."

"मग?"

"मग तिसऱ्या वेळेला तीच आली फाट्यावर. पिशवी घेऊन. कुणीतरी गावात सांगितलं असणार तिला, पाहुणा फाट्यावर येऊन बसतो म्हणून. तिनं बघितलं, काही बोलली नाही. गाडी आली. ती पुढं बायकांच्या सीटवर बसली, हा मागं बसला. सांगलीपर्यंत तीन तास दोघं एका शब्दानं बोलले नाहीत. स्टँडवर उतरल्यावर तिनं पिशवी याच्या हातात दिली. रिक्षापर्यंत यानं ती नेली. एवढंच."

"आणि घरी नाही गेला तिच्याबरोबर?" शहापुरे म्हणाले. त्यांच्या आवाजातली गंमत कधीच गेली होती.

"मुलीला ड्युटी सांगितलेली ना. लवकर घरी गेलं तर खोटं उघडं पडलं असतं. स्टँडवरच बसून राहिला. पाळी संपायच्या वेळेला घरी गेला." आप्पांनी खुर्चीची पाठ सोडली. "आणि मग काय बोलायचं ते सुचेना, म्हणून जेवायला काय आहे विचारलं. ते वाक्य बरोबर आहे. ते लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय."

ते खाली बसले. मला तीन गुरुवार दिसत होते. पहाटेचा दिवा, आप्पांच्या अंगावर घामाचा वास असलेला खाकी शर्ट, आणि चंपाकाकूंच्या दारात मी आणि माझी वळकटी. मी एकदाही मागून हाक मारली नव्हती.

"मगदूम," आवटीबाई हलकेच म्हणाल्या, "हा चित्रपट तुम्ही लिहायला हवा होता."

"मला कुठलं येतंय बाई," आप्पा म्हणाले.

सर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी घसा साफ केला. "कौल घेऊ. लेखन चांगलं वाटलं त्यांनी हात वर करा."

आवटीबाईंचा हात वर गेला. एकेक करत बरेच गेले. आप्पांचाही गेला. शहापुरे खुर्चीत वळले. "अहो, आत्ताच तर तुम्ही त्याच्या चिंध्या केल्यात."

"गाडी चुकलीय," आप्पा म्हणाले. "नवरा चुकलाय. पण मुलगी बरोबर आहे. तिला कुणी काही सांगितलंच नाही, तर ती दुसरं काय लिहिणार?"

'दुसरं काय लिहिणार' म्हणाले ते. पडद्यावरची मुलगी काहीच लिहीत नव्हती, ती फक्त रेघा मारत होती. हे तिथं बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"लेखन चांगलं नाही असं वाटतं त्यांनी," सर म्हणाले.

शहापुऱ्यांचा हात वर गेला, आणखी काहींचे गेले. मीही वर केला. मागे वळून कुणी बघत नाही, त्यामुळे तो फक्त सरांना दिसला. त्यांनी तो मोजला. बेचाळीस विरुद्ध सव्वीस. काही जण कुठंच नव्हते.

सरांनी दिवे घालवले आणि चित्रपट पुढे सोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकू लागली. दिग्दर्शकानं मला विचारलं होतं, नाव नुसतं त्रिशला मगदूम लिहू का, सुटसुटीत दिसेल. मी हट्टानं पूर्ण नाव घालायला लावलं होतं. तेव्हा त्यामागं माझा राग होता. ज्यांच्याबद्दल आहे त्यांचं नावही असू दे, असा.

कथा, पटकथा, संवाद: त्रिशला बाळगोंडा मगदूम.

अक्षरं हळूहळू वर गेली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. शहापुऱ्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि मग दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बघत बसले. आवटीबाई उठून माझ्याकडे यायला निघाल्या होत्या, त्या मधेच थांबल्या. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. तोवर नाव पडद्याबाहेर गेलं होतं.

घरी आम्ही जेवलो. आमटी त्यांनी सकाळीच करून ठेवली होती. आम्ही आमटीबद्दल बोललो, गॅसच्या शेगडीबद्दल बोललो, चंपाकाकूंच्या गुडघ्याबद्दल बोललो. तीनला ते माझी बॅग घेऊन स्टँडवर आले. नवीन कंट्रोलरनं त्यांना बघून आतूनच नमस्कार केला. गाडी लागली तसे ते पुढे चढले, खिडकीची सीट रुमाल टाकून धरली आणि मी बसल्यावर माझ्या शेजारी बसले.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"आष्ट्यापर्यंत येतो. तिथनं परतीच्या गाड्या भरपूर आहेत."

गाडी सुटली. उसाची शेतं लागल्यावर मी विचारलं,

"कधी कळलं तुम्हाला? मी लिहिलंय ते?"

"पडद्यावर पत्र परत गेलं तेव्हाच." ते समोर बघत होते. "पोस्टमन, तुझी आई, मी आणि तेव्हा दारात उभी असलेली तू. चौघांनाच माहीत. पोस्टमन काय चित्रपट लिहिणार नाही."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. मी खिडकीकडे तोंड केलं. "आईनं का नाही सांगितलं मला? मी विचारलं होतं तिला. दोनदा."

कंडक्टर तिकिटं फाडत पुढून येत होता. आप्पांनी एक पुण्याचं आणि एक आष्ट्याचं काढलं.

"मी म्हणालो होतो तिला, तूच सांग पोरीला," ते म्हणाले. "तर ती म्हणाली, 'माझ्या वतीनं तुम्ही बोललात, त्याचं काय झालं ते बघितलं. आता तुमच्या वतीनं मी बोलणार नाही. तुमचं तुम्ही सांगा.' मग मी सांगतो, सांगतो करत राहिलो. पोर लहान आहे, मग परीक्षा आहे, मग लग्नाचं बघायचंय, मग पुण्याला गेली." त्यांनी तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आज तिथं नाव झाकलेलं होतं. म्हणून जमलं."

याला आता अकरा वर्षं झाली. त्या चित्रपटाला पुढं एक छोटं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी नेमकं त्या शेवटाचंच कौतुक केलं. मी तो पुन्हा कधी पूर्ण बघितला नाही. सहाची गाडी यायच्या आधी मी बंद करते.

त्या दिवशी आष्टा आलं. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. माणसं उतरली, चढली. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचं तिकीट इथपर्यंतचंच होतं, आणि तिकिटाच्या बाबतीत ते आयुष्यात कधी चुकले नव्हते.

"मास्तर," त्यांनी कंडक्टरला हाक मारली आणि खिशात हात घातला. "पुढचं द्या एक. पुण्याचं."